दोन इंचांचा पैलवान

“काका, हा चालेल ना?”

वृषालीनं प्लास्टिकची पिशवी माझ्या नाकासमोर धरली. पिशवीत पाणी, पाण्यात जेमतेम दोन इंचांचा एक मासा. काळपट अंगावर नारिंगी शिंतोडे उडालेले. ती पिशवी डावीकडे नेई तसा तो डावीकडे वळे, उजवीकडे नेली की उजवीकडे.

“बघा ना, ओळख असल्यासारखा बघतोय! मुलं वेडी होतील याच्यासाठी.”

दुकानदार मुनीर गल्ल्यामागून उठला. त्यानं आधी माशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“तुम्ही सांगा की, मुनीरभाई,” वृषाली म्हणाली.

“मी काय सांगू बाई? शिंगटेभाऊ हायेत की संगं. त्यांच्यापुढं मी बोलायचं म्हणजे…” मुनीर हसला आणि पुन्हा बसला.

आता दोघंही माझ्याकडं बघत होते. तिसरा तो मासा.

“चालेल,” मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. त्याला आता पंधरा वर्षं झाली.

कराडात डॉक्टर लाहोटींचा लहान मुलांचा दवाखाना होता. तिथं मी कंपाउंडर. बाहेरच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी होती, आणि सोळा वर्षं ती माझ्या ताब्यात होती. पाणी मी बदलायचं, खाणं मी घालायचं, मासे मी आणायचे. दवाखान्यात आलेलं पोर वासानंच रडायला लागे. मग मी त्याला कडेवर घेऊन टाकीपाशी नेई. आमच्याकडे एक रिवाजच पडला होता. ज्यानं न पळता सुई टोचून घेतली, त्यानं नव्या माशाचं नाव ठेवायचं. नाव मी टाकीशेजारच्या पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहायचो. बटाटा, राजाराम, चिंगी, एसटी. एका पोरानं तर माशाला थेट ‘डॉक्टर’ नाव दिलं होतं आणि डॉक्टर लाहोटी आठवडाभर त्याची चौकशी करत होते.

थोडक्यात, टाकीपुढं माझा रुबाब होता. पगार यथातथाच, पण बाजारात पोरं आईचा पदर ओढून सांगायची, “ते बघ, माशेवाले शिंगटे!” माझ्या घरी मूलबाळ नाही. त्यामुळे असल्या हाकांची मला जरा जास्तच गोडी होती, हे आज कबूल करतो.

मग जानेवारीत वृषाली कणसे आली. वय सव्वीस. नंबर लावायला आणि कॉम्प्युटरवर नावं घालायला डॉक्टरांनी तिला ठेवलं. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “नमस्कार काका.” मी सत्तेचाळीस वर्षांचा. सगळं कराड मला शिंगटेभाऊ म्हणे, आणि ही उठून काका! माझ्या तिथेच नाकाला मिरच्या झोंबल्या.

झोंबण्यासारखं पुढं आणखी बरंच झालं. ती खुर्ची सोडून सरळ फरशीवर बसायची आणि पोरांच्या डोळ्याला डोळा लावून बोलायची. महिन्याभरात पोरं दारातून आत आली की माझ्याकडं न येता तिच्याकडं पळायला लागली. टाकीपाशी तीच न्यायची. पुठ्ठ्यावर नाव मात्र मी लिहायचो, पण ते तिनं सांगायचं आणि मी लिहायचं. पुड्या बांधता बांधता मी औषधाच्या खिडकीतून हे बघायचो. मला तिचा हेवा वाटत होता. चांगला सणसणीत हेवा, जेवण गोड न लागणारा. घरी बायको म्हणायची, “चांगली मुलगी आहे म्हणतात, तुम्ही का जळताय?” मी म्हणायचो, “मी कशाला जळतोय?” आणि भाकरी अर्धी टाकून उठायचो.

मे महिन्याच्या उन्हात टाकीतले पाच-सहा मासे मेले. डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

“शिंगटे, या खेपेला वृषालीला निवडू दे मासे. मुलांना काय आवडतं ते तिला बरोबर समजतं. तुम्ही सोबत जा.”

सोबत! ज्यानं सोळा वर्षं ती टाकी पोटच्या पोरासारखी सांभाळली, त्यानं आता पिशव्या धरायला सोबत जायचं. मी “बरं” म्हणालो आणि गेलो.

खरं सांगायचं तर तिनं निवड चांगली केली होती. चार गप्पी, तीन लहान टेट्रा. प्रत्येक वेळी मला विचारत होती आणि मी मान डोलावत होतो. सगळे छोटेखानी, शांत, एकमेकांत मिसळून राहणारे. दोन फुटांच्या टाकीला तेवढंच शोभतं. आणि मग अगदी निघताना तिला तो दिसला.

तो ऑस्कर जातीचा मासा होता. आता दुकानात सगळेच मासे बोटाएवढे दिसतात, कारण ती पिल्लं असतात. नवखा माणूस तिथंच फसतो. मासा आज केवढा आहे ते बघून घ्यायचा नसतो, उद्या केवढा होणार ते बघून घ्यायचा असतो. ऑस्कर वर्षभरात फूटभर होतो. आणि माशांचा कायदा एकच, जो तोंडात मावला तो पोटात गेला. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. सुरुवातीच्या दोन वर्षांत पंचवीस-तीस मासे माझ्या हातून मेले, तेव्हा कुठे शिकलो. कराडात हे माझ्याइतकं मुनीर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी ‘चालेल’ म्हणालो.

नव्या माशाचं नाव मलकापूरच्या एका गुटगुटीत पोरानं ठेवलं. “पैलवान!” तो म्हणाला आणि सगळा दवाखाना हसला. मीही हसलो. पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, पैलवान.

पैलवान खरोखरच सगळ्यांचा लाडका झाला. काचेला बोट लावलं की बोटामागं पळायचा, वृषाली आली की शेपूट हलवायचा. आणि खायचा तर असा की बघत राहावं. जुलैच्या मध्यावर चार इंचांचा झाला आणि एका सकाळी मी दवाखाना उघडला तर एक गप्पी कमी. पंधरा दिवसांत दुसरी. मग टेट्रा.

“काका, हे मासे जातात कुठं?” वृषालीनं विचारलं.

“उडी मारतात काही काही. मग मांजर नेतं.”

“झाकण तर आहे.”

“फट असते,” मी म्हणालो.

ती बिचारी फटीला चिकटपट्ट्या लावत बसली. मला वाटलं, आता दोन-चार मासे जाऊ देत. डॉक्टरांच्या लक्षात येईल. मग ते म्हणतील, “शिंगटे, तुमच्याशिवाय काही खरं नाही, तुम्हीच बघा.” एवढंच मला हवं होतं. त्या एका वाक्यासाठी मी रोज सकाळी मासे मोजत होतो आणि गप्प बसत होतो.

एका माशाला मात्र धक्का लागू द्यायचा नव्हता. त्या माशाचं नाव कंदी.

कंदी म्हणजे उन्हाळ्यातून वाचलेली, नारिंगी रंगाची, दोन इंचांची प्लॅटी. गोल पोटाची, म्हणून कंदी पेढ्यावरून नाव. ते ठेवलं होतं ओगलेवाडीच्या रेवानं. रेवा सात वर्षांची. संधिवाताच्या तापानं तिच्या हृदयाला धक्का बसला होता. पुन्हा ताप येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी तिला इंजेक्शन घ्यावं लागे, आणि ते वर्षानुवर्षं चालायचं होतं. ते इंजेक्शन फार दुखतं. मोठी माणसं ओरडतात. ही पोर आधी कंदीपाशी जाऊन उभी राहायची, काचेवर ओठ टेकवून काहीतरी सांगायची, मग आत जाऊन पालथी पडायची. एकही खाडा नव्हता तिचा.

मी मनात हिशेब मांडला होता. कंदी दोन इंच, पोटानं गोल. पैलवानाच्या तोंडात मावायला त्याला दिवाळी उजाडेल. त्याच्या आत मी त्याला बाहेर काढीन. सोळा वर्षांचा अनुभव होता ना माझ्याकडं!

गणपती होऊन चार दिवस झाले होते. रेवाचा एकविसावा दिवस. मी खिडकीत पुड्या बांधत होतो. रेवा नेहमीसारखी टाकीपाशी गेली आणि तशीच उभी राहिली. ओरडली नाही, हलली नाही. तिच्या आईनं मागून वाकून पाहिलं आणि तोंडावर हात घेतला.

“अगं आई गं!”

मी धावलो. पैलवान टाकीच्या मधोमध उभा होता. त्याच्या तोंडातून नारिंगी शेपूट बाहेर आलं होतं, आणि ते अजून हलत होतं.

वृषालीनं रेवाचे डोळे झाकले. रेवानं तिचे हात बाजूला केले आणि शेवटपर्यंत बघितलं. मग ती आईला म्हणाली, “घरी चल.”

“आगं, सुई?”

“नाय घ्यायची.”

डॉक्टर बाहेर आले. समजावलं, चॉकलेट दिलं, रागावले. पोरीनं दाराची कडी धरून ठेवली, सोडेना. आणि तिच्या आईचाही धीर सुटला होता. “नगं डॉक्टर, आज नगं. आज दिस चांगला न्हाई. पोरीनं नाव ठिवलेला मासा असा डोळ्यादेखत गेला, ह्यो इशारा हाय कायतरी.” असं म्हणून तिनं रेवाला उचललं आणि निघून गेली.

डॉक्टर सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला.

“हा राक्षस आणला कुणी? त्या मुलीचं इंजेक्शन चुकलं म्हणजे काय होऊ शकतं, कळतंय का कुणाला? हाच मासा कुणी निवडला?”

“मी,” वृषाली म्हणाली.

“शिंगटेंना विचारलं होतंस?”

माझ्या हातातली पुडी तशीच राहिली.

“नाही सर,” ती म्हणाली. “कुणालाच विचारलं नाही. माझीच चूक.”

“सोळा वर्षं टाकी सांभाळलेला जाणता माणूस शेजारी असताना विचारावंसं वाटलं नाही? शिंगटे, उद्यापासून टाकी तुमच्याकडं. तुमच्याशिवाय काही खरं नाही.”

तेच वाक्य. चार महिने ज्याची वाट पाहिली ते जसंच्या तसं माझ्या पदरात पडलं. आणि मी मान खाली घालून अर्धी राहिलेली पुडी पुन्हा बांधायला घेतली.

दुपारी दवाखाना बंद करताना मी तिला गाठलं. “खोटं का बोललीस? तू मला विचारलं होतंस.”

वृषाली पर्स आवरत होती. डोळे सुजले होते, तरी हसली. “जाऊ द्या ना काका. तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? तुम्हालाही माझ्यासारखाच तो लहान वाटला. पण सर म्हणाले असते, शिंगटेंना इतक्या वर्षांत एवढं कळू नये? तुमचा मान गेला असता. मी काय, नवीन आहे. मला बोलणी खायची सवय आहे.”

आता काय बोलणार? मला येत नव्हतं असं तिला वाटत होतं, आणि त्यासाठी ती मला पाठीशी घालत होती. मला सगळं येत होतं हे सांगावं, तर मी काय केलं तेही सांगावं लागणार. अडाणी ठरायचं की नीच, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

“मी ओगलेवाडीला जातेय संध्याकाळी,” ती म्हणाली. “रेवाला समजावते. याल का? तुमचं ऐकेल ती.”

मी लूना काढली. ती मागं बसली.

रेवा ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आईनं पाणी दिलं आणि आत जाऊन चुलीपाशी काहीबाही करत राहिली, पण कान बाहेरच होते. वृषाली नेहमीसारखी खाली बसली.

“रेवा, पैलवानाचा राग आलाय?”

रेवानं मान हलवली. हो.

“पण त्याची चूक नाही गं. तो मोठा होणारा मासा. आम्ही त्याला छोट्यांच्या घरात ठेवला. मला माहीत नव्हतं तो एवढा होईल. दिसला लहान म्हणून मी त्याला लहान समजले. माझ्यामुळं गेली कंदी.”

रेवानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडं.

“माशेवाले शिंगटे, तुम्हाला पण नव्हतं म्हायती?”

मला हाक मारणाऱ्या पोरांमध्ये आता ही एकच उरली होती. मी ‘नव्हतं’ म्हणणार होतो. शब्द ओठावर आला होता. वृषालीनं तर माझ्या वतीनं मान हलवायला सुरुवातही केली होती. पण ती पोर माझ्याकडं बघत होती, आणि सकाळी तिनं कंदीचं शेपूट आत जाईपर्यंत बघितलं होतं. हिच्यापुढं आणखी एक खोटं माझ्यानं रेटेना.

“माहीत होतं,” मी म्हणालो.

चुलीपाशी भांड्याचा आवाज थांबला.

“आधीपासनं?”

“दुकानातच.”

“मग सांगितलं का न्हाई?”

वृषालीकडं बघायचं मी टाळलं. “सगळी पोरं हिच्याकडं जायला लागली होती. माझ्याकडं कुणी येईना. मला वाटलं, हिची फजिती व्हावी.”

रेवानं यावर विचार केला. चांगला, मोठ्या माणसासारखा. मग म्हणाली, “आमच्या घरात बाळ आलं तवा मी त्याच्या दुदात मीठ टाकलं हुतं.”

“मग?”

“आईनं मारलं.” तिनं नाक पुसलं. “तुमाला कोण मारनार?”

मी तिच्याशेजारी ओट्यावर टेकलो.

“पैलवानाला आता काय करनार? मारनार?”

“नाही. माझ्या घरी मोठा हौद आहे. त्यात ठेवतो. एकटा राहील.”

“आजच न्या.”

“आजच नेतो.”

“मग उद्या मी येते सुईला,” रेवा म्हणाली. “पर आधी टाकी बघनार. तो असला तर न्हाई.”

परतताना लूनावर आमचं वजन तेवढंच होतं, पण गाडी जड चालत होती. दवाखान्यापाशी वृषाली उतरली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “बादली आतल्या मोरीत आहे. जाळी घेऊन जा, तो उसळतो.” आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली. मी पैलवानाला बादलीत घातलं, वर ताट झाकलं आणि घरी नेलं.

रात्री डॉक्टरांच्या घरी जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, “टाकी वृषालीकडं राहील.” मी म्हणालो, “हो.”

रेवा दुसऱ्या दिवशी आली. टाकी नीट बघितली, खाली वाकून दगडामागंसुद्धा बघितलं. मग आत गेली आणि पालथी पडली. तिची ती इंजेक्शनं पुढं कित्येक वर्षं चालली. आता ती पुण्यात नोकरी करते.

पैलवान माझ्या हौदात नऊ वर्षं जगला. पुरता फूटभर झाला होता. बायकोच्या हातून खायचा, माझ्या हातून कधी खाल्लं नाही.

वृषाली त्यानंतर आणखी दोन वर्षं दवाखान्यात होती. माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. चहा आला की माझा कप खिडकीत आणून ठेवायची. टाकीत नवा मासा आणायचा झाला की मला विचारायची, अगदी बारकाईनं विचारायची. हा केवढा होईल, कुणाबरोबर राहील, कुणाला खाईल. मी सांगायचो ते सगळं ती एका कागदावर लिहून घ्यायची. आणि मग तो कागद घेऊन मुनीरकडं जायची, त्याला पुन्हा विचारायची.

लग्न ठरल्यावर निघाली तेव्हा पेढे द्यायला आली. मी पेढा घेतला, आशीर्वाद दिला, आणि दारापर्यंत गेलो. पायरीवरून वळून ती म्हणाली, “येते हं, शिंगटेभाऊ.”

ओगलेवाडीहून आल्या दिवसापासून ती मला काका न म्हणता असंच म्हणत होती, सगळ्या कराडासारखं.